फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे पेठापेठांतून दुसऱ्या विषयास फारसा वाव उरत नाही. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे निघताच एकाच घरात दोन पक्ष पडतात, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारच्या उन्हातही भरून जातात. मल्लविद्येच्या तालमींनी फुटबॉलचे संघ इतक्या निष्ठेने बाळगावेत, हे आमच्या नगरीचे वैशिष्ट्य होय, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु या निष्ठेची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे, व तिजविषयी दोन शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

मागे एका शालेय सामन्यात चौदा वर्षांचा एक मुलगा प्रथमच हाफच्या जागी उभा राहिला होता. पूर्वार्धात त्याने दहाबारा वेळा चेंडू अडवून तो नेमका आपल्या गड्याच्या पायी पोचविला. त्याची दखल कोणी घेतली नाही. उत्तरार्धात त्याचा एक पास चुकला, चेंडू प्रतिपक्षाच्या हाती लागला व गोल झाला. त्यानंतर सामना संपेपर्यंत कठड्याबाहेरून त्याच्या नावाने जी आरडाओरड चालली, तीत परक्यांपेक्षा आपलेच लोक अधिक होते. काही पालकही होते. आम्ही तेथे असून गप्प राहिलो, याची आम्हांस आजही खंत वाटते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा सरावास आला नाही. पुढील आठवड्यातही आला नाही.

हाफच्या जागेचे दुर्दैवच असे आहे. आघाडीच्या गड्याने गोल केला तर तो सर्वांस दिसतो. गोलरक्षकाने झेप घेतली तर टाळ्या पडतात. हाफचे चांगले काम मात्र दुसऱ्याच्या कामात मिसळून जाते, आणि चूक तेवढी त्याच्या एकट्याच्या नावे राहते. म्हणून त्याचे मोल ओळखण्यास पाहणाऱ्याच्या अंगी धीर लागतो. असा धीर ज्यांच्या अंगी पुरेपूर होता, आणि ज्यांनी त्या धीराच्या बळावर भारताचा फुटबॉल आशियात पहिल्या स्थानी नेला, त्या सय्यद अब्दुल रहीम यांचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते मोठे खेळाडू म्हणून गाजले नाहीत. ते व्यवसायाने शाळामास्तर होते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते, आणि आपला मराठवाडाही त्याच राज्यात मोडत असे. उस्मानिया विद्यापीठात शिकत असता ते विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला, आणि शारीरिक शिक्षणाचेही रीतसर अध्ययन केले. हैदराबादेतील निरनिराळ्या शाळांतून त्यांनी मुलांस शिकविले. पुढे कीर्ती मिळाली तरी त्यांची शिकविण्याची रीत शाळामास्तराचीच राहिली. फळ्यावर आकृती काढावी, धडा लहान ठेवावा, चुकलेले उदाहरण पुन्हा करवून घ्यावे, आणि मंद मुलास हसू नये, ही ती रीत होय.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. या पदाचा उपयोग त्यांनी मुलांसाठी केला. त्यांनी लहान मुलांच्या अशा स्पर्धा भरविल्या की, ज्यांचे नियम ऐकून प्रथम कोणासही नवल वाटावे. एका प्रकारच्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत पुढे नेण्यास मनाई असे; चेंडू आला की लगेच तो सोबत्याकडे दिला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात उजव्या पायाच्या मुलाने डाव्या पायानेच चेंडू मारावयाचा असे. वरवर हा पोरखेळ दिसतो. परंतु त्यात मोठे मर्म होते. आपल्याकडील मुलास चेंडू मिळाला म्हणजे तो तीनचार गड्यांस चकवून दाखविल्यावाचून सोडवत नाही, कारण प्रेक्षकांस तेच आवडते. रहीमसाहेबांनी नियमच असा केला की, मुलाने प्रेक्षकांकडे न पाहता सोबत्याकडे पाहावे. दुबळ्या पायाच्या स्पर्धेत तर प्रत्येकाचीच फजिती होई, आणि जेथे सर्वच चुकतात तेथे चुकीची लाज उरत नाही. ज्या शहरात मुलांस अशा रीतीने चुकण्याची मुभा मिळाली, त्याच शहरातून पुढे भारतीय संघास एकामागून एक खेळाडू मिळाले, हा काही योगायोग नव्हे.

त्यांच्या शिकवणुकीचे फळ मुंबईकरांनी प्रथम पाहिले. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स करंडकाचे सामने होत असत, व त्यांस सर्व हिंदुस्थानातून संघ येत. १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे हा करंडक हैदराबाद सिटी पोलिस संघाने जिंकला, आणि त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब होते. १९५० सालीच राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्यांजकडे आली. पुढील वर्षी मार्च महिन्यात दिल्ली येथे पहिले आशियाई क्रीडासामने झाले. अंतिम सामन्यात भारताने इराणवर एका गोलाने विजय मिळविला, व सुवर्णपदक पटकाविले. साऱ्या देशात आनंद झाला.

परंतु लोकांचा आनंद किती अल्पजीवी असतो, याचा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला. १९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. हवा थंड होती. आपले कित्येक गडी सवयीप्रमाणे अनवाणी खेळत होते. युगोस्लाव्हियाने दहा गोल केले; आपल्या वाट्यास अहमद खान यांनी केलेला एकच गोल आला. याच हेलसिंकीत आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, म्हणून ते वर्ष कोल्हापूरकरांस वेगळ्या कारणाने स्मरते. पण फुटबॉलच्या चाहत्यांस त्याची आठवण अनेक वर्षे बोचत राहिली. दहा विरुद्ध एक हा आकडाच असा आहे की, ज्याला फुटबॉलमधले काही कळत नाही त्यालाही तो हसण्यास पुरतो.

अशा वेळी शिक्षकाची खरी परीक्षा होते. रहीमसाहेबांनी पराभवाचे खापर कोणा एका खेळाडूच्या माथी फोडण्यात काळ घालविला नाही. पराभवात जे शिकण्याजोगे होते ते त्यांनी घेतले. यापुढे आंतरराष्ट्रीय सामन्यांत बूट घालूनच खेळले पाहिजे, असा दंडक फुटबॉल महासंघाने घातला. अनवाणी खेळून ज्यांचे पाय तयार झाले होते, त्यांस बुटाची सवय लावणे म्हणजे चेंडूवरची पकड पहिल्यापासून शिकविणे होते. युरोपातील संघांची चाल कशी बदलत आहे, याचाही त्यांनी अभ्यास केला. १९५३ साली हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्लेच्या मैदानावर सहा विरुद्ध तीन गोलांनी हरविले होते. पायात जोर असून भागत नाही, चेंडू सोडण्याची घाई व जागा शोधण्याची अक्कल हवी, हा त्या सामन्याचा धडा होता; आणि रहीमसाहेब हैदराबादेतील पोरांस तोच धडा दहा वर्षे शिकवीत आले होते.

तरुण मुले हेरण्याची त्यांची दृष्टी मोठी चोख होती, आणि हेरल्यावर ते त्यांस वाऱ्यावर सोडीत नसत. सिकंदराबादेजवळील अम्मुगुडा येथे तुळसीदास बलराम नावाचा गरीब घरचा एक मुलगा उत्तम खेळत असे. रहीमसाहेबांनी त्यास सरावास बोलाविले; पण रोज इतक्या दूर येण्याजाण्याचा खर्च त्यास झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा त्याच्यासाठी त्यांनी सायकलीची तजवीज केली. एका सायकलीने भारतास काय मिळाले हे पुढील सहा वर्षांत सर्वांनी पाहिले. अशी किती मुले आपल्या आसपास केवळ एका सायकलीवाचून घरी बसली असतील, असा विचार आमच्या मनात येतो.

१९५६ च्या अखेरीस मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने भरले. विशीतले बलराम व प्रदीपकुमार बॅनर्जी त्या संघात होते. आणि आघाडीस होते गोव्याच्या आसगाव गावचे, मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसोझा. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. डिसोझांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिलेच आशियाई खेळाडू होत. भारताने चार विरुद्ध दोन गोलांनी विजय मिळविला. तो विजय नशिबाचा होता असे ज्यांस वाटले, त्यांस त्याच महिन्यात सिडनी येथे उत्तर मिळाले. तेथे भारताने ऑस्ट्रेलियास सात विरुद्ध एक गोलाने हरविले. ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच पुढे आला. पहिला गोल डिसोझांनी केला. शेवटी चार विरुद्ध एक असा पराभव पत्करावा लागला, आणि तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरियानेही आपणांस हरविले. तरीही चार वर्षांपूर्वी ज्यांची थट्टा झाली होती ते आता जगात चौथे आले होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारतास याहून वरचे स्थान कधी लाभले नाही.

आता आम्ही त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हे चरित्र निवडले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकसाठी जो संघ निघाला, त्यात दोन तरुण हाफ होते. एक फॉर्च्युनाटो फ्रँको, हे गोव्यातील बार्देश तालुक्याच्या कोलवाळ गावचे, मुंबईच्या मैदानांवर तयार झालेले. दुसरे सय्यद अब्दुल हकीम, म्हणजे स्वतः रहीमसाहेबांचे चिरंजीव. रोममध्ये भारताचा हंगेरीशी दोन विरुद्ध एक असा थोडक्यात पराभव झाला, फ्रान्सशी बरोबरी झाली आणि पेरूशी पुन्हा पराभव झाला. या तिन्ही सामन्यांत फ्रँको व हकीम यांस मैदानात उतरावयास मिळाले नाही. पुत्र संघात असून पित्याने त्यास खेळविले नाही, एवढ्यावरूनच रहीमसाहेबांच्या न्यायबुद्धीची कल्पना येते. दोन वर्षांनी जाकार्ताच्या आशियाई सामन्यांसाठी त्यांनी सोळा जणांची निवड केली, तेव्हा फ्रँको त्यात होते, हकीम नव्हते. पित्याच्या अंतःकरणास काय वाटले असेल, ते कोणास ठाऊक! हकीम यांनीही फुटबॉलशी नाते तोडले नाही. ते पुढे आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक म्हणून नावारूपास आले.

येथे त्या वेळच्या मांडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रहीमसाहेब चार गडी बचावास, चार आघाडीस, आणि मध्ये केवळ दोन हाफ अशी रचना करीत. मैदानाचा सारा मधला भाग या दोघांनी राखावयाचा. शत्रूची चढाई तेथेच अडवावयाची, आणि अडविलेला चेंडू क्षणात पुढे द्यावयाचा. जाकार्तास हे काम प्रशांत सिन्हा व पंचवीस वर्षांचे फ्रँको यांजकडे होते. त्यांच्या पुढे प्रदीपकुमार बॅनर्जी, कर्णधार चुनी गोस्वामी, बलराम व युसूफ खान उभे असत. गोल पुढच्यांच्या नावावर पडत. पण ते होण्यास चेंडू मागूनच येई.

सुरुवात मात्र अशुभ झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास दोन गोलांनी हरविले. दुसऱ्या सामन्यात थायलंडवर विजय मिळाला खरा. परंतु बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचे डोके फुटले व सहा टाके घालावे लागले. जपानवर मात करून संघ उपांत्य फेरीत पोचला. तेथे रहीमसाहेबांनी एक धाडस केले. जखमी जर्नेलसिंगास त्यांनी बचावातून काढून थेट आघाडीस उभे केले. त्याने पूर्वी ती जागा खेळलेली होती, हे त्यांच्या ध्यानात होते. त्या सामन्यात त्याने गोल केला, आणि दक्षिण व्हिएतनामवर तीन विरुद्ध दोन असा विजय मिळाला.

याच सुमारास मैदानाबाहेर वादळ उठले होते. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंस प्रवेश नाकारला होता, आणि त्यामुळे या सामन्यांस आशियाई सामने म्हणू नये असा आग्रह भारताचे क्रीडाप्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी धरला होता. त्याचा राग जाकार्तातील जमावाने भारतीय वकिलातीवर काढला. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, अंतिम सामना होता, आणि प्रतिपक्ष होता तोच दक्षिण कोरिया. सुमारे एक लाख लोकांनी भरलेले ते मैदान भारताच्या नावाने हुर्यो करीत होते. राष्ट्रगीताच्या वेळीही तो गोंगाट थांबला नाही. ज्या खेळाडूंचा त्या वादाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांस हे सोसावे लागले. पाकिस्तानचे हॉकी खेळाडू तेवढे प्रेक्षकांत बसून आपल्या संघास उत्तेजन देत होते, असे आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा कृतज्ञतेने सांगितले.

सामन्यापूर्वी रहीमसाहेबांनी आपल्या मुलांस एकत्र बोलाविले. त्या वेळी त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. त्यांनी लांबलचक भाषण केले नाही, की जमावास दोष दिला नाही. उद्या आपणांस एक भेट हवी आहे, आणि ती भेट म्हणजे सुवर्णपदक, एवढेच त्यांनी मागितले. गोलरक्षक थंगराज तापातून उठलेले, जर्नेलसिंगाच्या डोक्यास पट्टी, आणि भोवती शत्रुत्वाने गर्जणारा जनसमुदाय, अशा स्थितीत सामना सुरू झाला. सतराव्या मिनिटास प्रदीपकुमारांनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटास जर्नेलसिंगाने दुसरा केला. पुढचा तासाहून अधिक वेळ ती आघाडी सांभाळावयाची होती, आणि ते काम मुख्यतः हाफ व बचाव यांचे होते. शेवटच्या पाचसहा मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला. परंतु बरोबरी साधणे त्यांस जमले नाही. दोन विरुद्ध एक अशा गोलांनी भारत आशियाचा विजेता ठरला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी आशियाई सामन्यांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास पुन्हा मिळालेले नाही.

मागितलेली भेट मिळाली. पण ती फार दिवस पाहणे गुरुजींच्या नशिबी नव्हते. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांस ग्रासले होते. जाकार्ताच्या विजयास वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ११ जून १९६३ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षात त्यांनी इहलोक सोडला. दीर्घकाळ त्यांचे नाव जुन्या खेळाडूंच्या बोलण्यातच उरले होते. २०२४ साली त्यांच्या जीवनावर मैदान नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा आजच्या मुलांस ते नाव प्रथम कळले. फ्रँको मात्र पुष्कळ जगले; ८४ व्या वर्षी, २०२१ साली, गोव्यात त्यांचे निधन झाले. हकीमही त्याच वर्षी वारले.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? रहीमसाहेबांनी सर्वांस सारखेच गोंजारले, असे कोणी समजू नये. ते कडक होते. पोटच्या मुलासही त्यांनी वगळले. परंतु त्यांचा निर्णय महिनोन्‌महिने पाहून, तपासून झालेला असे. एका चुकलेल्या पासावर तो अवलंबून नसे. रोमला जो बाकावर बसला, त्याला त्यांनी निकामी ठरविले नाही, आणि दोन वर्षांनी साऱ्या मैदानाचा मध्य त्याच्या हवाली केला. कडकपणा आणि हेटाळणी या दोन गोष्टींतील अंतर एवढेच आहे की, पहिलीत शिकविण्याची इच्छा असते, दुसरीत नसते. माळी रोप दररोज उपटून मुळे वाढली की नाही हे पाहत नाही. पाणी घालतो, आणि वाट पाहतो.

आमच्या कोल्हापुरास गुणी मुलांची वाण नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा आमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. असे आणखी किती निघतील हे मुलांच्या पायांवर जितके अवलंबून आहे, तितकेच कठड्याबाहेर उभ्या असलेल्या आपल्या जिभेवरही आहे. एक लाख परक्यांची हुर्यो त्या अकरा जणांनी सोसली, कारण त्यांच्या पाठीशी आपला एक माणूस खंबीर उभा होता. चौदा वर्षांच्या मुलास परक्यांची हुर्यो खुपत नाही. आपल्या माणसांची खुपते.

पालकांस आमची नम्र विनंती आहे की, मुलाच्या सामन्यास अवश्य यावे, त्याने किती गोल केले हे विचारण्याआधी कोणास चेंडू दिला हे विचारावे, आणि चूक झाली तर ती मैदानात ओरडून न सांगता घरी, जेवण झाल्यावर, शांतपणे सांगावी. विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच की, तुमच्या संघात जो मुलगा कालच्या सामन्यात चुकला, त्याच्याकडे आज पहिला पास द्या.

आरंभी ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याच्या घरी आम्ही जाऊन आलो. आमच्या त्या दिवसाच्या मौनाबद्दल त्याची क्षमा मागितली, आणि पूर्वार्धातील त्याचे जे पास आम्हांस आठवत होते, ते एकेक करून त्यास सांगितले. तो बराच वेळ खाली मान घालून ऐकत होता. पुढल्या सोमवारी तो सरावास आला. बूट मात्र त्याने घरून घालून आणले नव्हते, हातात धरून आणले होते. खेळावे की परत जावे, हे त्याचे अजून ठरलेले नसावे. इतक्यात एका सोबत्याने लांबून त्याच्याकडे चेंडू ढकलला. तेव्हा त्याने खाली बसून बूट चढविले.